खुर्चीवरचा फोटो

आमच्या घरी दिवस उजाडायचा तो दादाच्या दमाने. आई चूल पेटवत असायची, म्हशीची धार काढायची राहिलेली असायची, आणि गोठ्याभोवती 'हुतूतूतूतू' असा आवाज फिरायला लागायचा. एका दमात गोठ्याला किती फेऱ्या होतात हे तो रोज पाहायचा. पाचव्या फेरीला आवाज बारीक व्हायचा, सहाव्या फेरीला म्हैस वैतागून दाव्याला हिसके द्यायची, आणि मग तो ओट्यावर येऊन धापा टाकत बसायचा. आई त्याच्यापुढे निरशा दुधाचा तांब्या, मूठभर भिजवलेले हरभरे आणि कालची भाकरी ताकात कुस्करून ठेवायची. मला गुळाचा चहा, तोही दूध दाखवल्यापुरतं घातलेला. मी कुरकुरले की आई म्हणायची, "तुला काय कुनाला आडवं पाडाय जायाचंय?" आता ह्या खेळाला कबड्डी म्हणतात, टीव्हीवर दिव्यांच्या झगमगाटात दाखवतात, आणि माझा नातू मला त्याचे नियम समजावून सांगतो. मी ऐकून घेते.

आमचं गाव कृष्णेच्या काठी, उंब्रजपासून दोन-अडीच कोसांवर. गावात हायस्कूल होतं आणि हायस्कुलात ड्रिलमास्तर होते. मागच्या लढाईतून हवालदार होऊन आलेले, गळ्यात शिट्टी, खाकी अर्धी चड्डी आणि मिशा अशा की पहिलीतली पोरं त्यांना पाहूनच रडायची. बायकापोरं कुणी नाहीत. शाळेमागच्या खोलीत एकटे राहायचे आणि आमच्याकडून भाकरी जायची. हुतूतूच्या पोरांना ते नदीवर नेऊन पाण्यात बुड्या मारायला लावत आणि काठावर उभे राहून मोजत. "दम सुटला की गडी मेला, ध्येनात ठिवा," एवढंच त्यांचं शिकवणं. ह्या शिकवण्यावर आमच्या खेड्यातल्या सात पोरांनी सांगलीला जाऊन तिथल्या नावाजलेल्या संघाला हरवलं. दादा, म्हणजे आमचा रंगराव, संघाचा पुढारी. शेवटच्या चढाईत त्याने तिघांना ओढत रेषेपर्यंत आणलं. सांगताना मात्र कधी चार व्हायचे, कधी पाच, आणि ड्रिलमास्तर जवळ असले की परत तीन. तिथल्याच एका फोटोवाल्याने सातही जणांचा खांद्यावर हात टाकलेला फोटो काढला. तो फोटो शाळेत हेडमास्तरांच्या खोलीत लागला, आणि त्याची एक प्रत आमच्या सोप्यात.

त्या खेळाला सांगलीच्या पलीकडच्या, कानडी मुलखाला लागलेल्या एका गावचे पाटील बसले होते. त्यांनी दादाची चढाई पाहिली आणि घरी जाऊन म्हणाले, आपल्या पोरीला हा पोरगा बघायचा. अशी आमची वहिनी आली. पंधराची असेल, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. बोलताना प्रत्येक वाक्य वर उचलून सोडायची, 'करतंय', 'जातंय' म्हणायची, मोठ्या बहिणीला अक्का म्हणायची, आणि आमच्या घरात कुणी कधी न खाल्लेली शेंगदाण्याची पोळी करायची. पहिल्यांदा केली तेव्हा वडिलांनी, म्हणजे आबांनी, चार खाल्ल्या आणि आईकडे न बघता पाचवी मागितली. मला बहीण नव्हती. वहिनी माझी वेणी घालायची, मी शाळेतून आले की माझी पुस्तकं उघडून चित्रं बघायची, आणि जात्यावर बसली की मला समोर बसवून घ्यायची. दोघींनी खुंटा धरायचा. ती आमच्याकडे आली आणि मला घर आवडायला लागलं, हे मी आज कुणालाही सांगू शकते. पुढे जे केलं ते मात्र आजवर सांगितलेलं नाही.

लढाई सुरू झाली आणि भरतीचा ट्रक शाळेच्या मैदानात येऊन उभा राहिला. साहेबाने ड्रिलमास्तरांनाच हाताशी घेतलं. लिंबाखाली उभं राहून त्यांनी आपल्याच पोरांच्या छात्या कापडी टेपने मोजल्या. "फुगीव रं, पान्यात फुगवतोस तशी फुगीव," असं ते म्हणत होते आणि अभिमानाने साहेबाकडे पाहत होते. सातांतले चौघे त्या दिवशी गेले. दादा त्यांतला पहिला. आमच्या भागात घरटी एक तरी माणूस पलटणीत असायचाच, त्यामुळे कुणी रडलं वगैरे नाही. आईने दशम्या बांधून दिल्या. वहिनी उंबऱ्याच्या आत उभी होती, आणि दादाने जाताना माझ्या डोक्यावर टपली मारली ती खरं तर तिच्यासाठी होती. भरती झाल्यावर तो दोनदा रजेवर आला. रजेचे सगळे दिवस मोजले तर दीड महिना भरतो.

मी इंग्रजी चौथीत असताना तो कागद आला. दुपारची वेळ. आबा मळ्यातून जेवायला आलेले, आई ताटात भाकरी टाकत होती, आणि आत जातं चाललं होतं. पोस्टमनने लखोटा दिला आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेला. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी, आणि त्याचा मला माज होता. टाइप केलेलं पत्र, वर शिक्का, खाली सही. मी मनाशी वाचून काढलं. दादाचा नंबर होता, नाव होतं, आणि मग लिहिलं होतं की तो बेपत्ता आहे. त्याला लागूनच पुढे लिहिलं होतं की तो मारला गेला असावा असं समजलं जात आहे.

जातं थांबलं होतं. वहिनी दारात आली होती, कोपरापर्यंत पिठाने पांढरी. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे काय आलं ते मी खोटं सांगणार नाही. दादा आला नाही. शेजारच्या गल्लीतली एक सून आली. तिचा नवरा पलटणीत गेला होता, तार आली, आणि तेराव्याला तिचे भाऊ येऊन तिला तिच्या भांड्यांसकट घेऊन गेले. परत कुणी तिला पाहिलं नाही. वहिनी जाईल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी म्हणाले, "दादा बेपत्ता हाय म्हून लिवलंय." आणि कागदाची घडी घातली.

"म्हंजे?" आईने विचारलं.

"म्हंजे कुठं हाय ते ठावं न्हाई."

"मग घावंल की," आई म्हणाली. "वाट चुकला आसंल. लहानपनी बाजारात असाच चुकला हुता." आणि आबांच्या ताटात तिने दुसरी भाकरी टाकली. वहिनी आत गेली आणि जातं परत सुरू झालं. मला त्या आवाजाने फार बरं वाटलं. चौदा वर्षांची होते, हे एक कारण मी स्वतःला पुष्कळ वर्षं देत आले. आता तेही पुरत नाही.

एकदा अर्धं वाचलं की पुढचं सगळं अर्धंच वाचावं लागतं. नंतर आणखी एक कागद आला, त्यात 'असावा' नव्हतं. तो मी कोळशाच्या पोत्यामागे लपवला आणि पुढे बंबात घातला. सरकारकडून मनिऑर्डर यायला लागली तेव्हा मी सांगितलं, माणूस सापडेपर्यंत घरच्यांना असं देतात. आबांनी अंगठा उठवला आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. त्यांना कळलं होतं का, हा प्रश्न मला अजून पडतो. कळलं असेल तर त्यांनाही ते नकोच असेल. आमचं घर असं चालू राहिलं. आई दर अमावास्येला दादाची दृष्ट काढायची, त्याच्या सदऱ्यावरून मीठमोहऱ्या उतरून. वहिनी कुंकू रेखायची, वटपौर्णिमा करायची, आणि कुणी पलटणीतून आल्याचं कळलं की मला घेऊन त्यांच्या दारी जायची. "आमचं मानूस दिसलं काय कुठं?" एवढंच विचारायची. लोक नाही म्हणायचे आणि चहा द्यायचे. आम्ही दोघी बांधावरून परत यायचो, आणि वाटेत ती मला कन्नड आकडे शिकवायची.

लढाई संपली. मी मॅट्रिकच्या वर्गात होते, आम्ही तिघी मुली आणि पस्तीस मुलगे. हेडमास्तरांच्या मनात आलं की संक्रांतीनंतरच्या संमेलनात सांगलीला जिंकलेल्या संघाचा आणि ड्रिलमास्तरांचा सत्कार करायचा. माणूस सज्जन, पुण्याकडचा, नीटनेटकेपणाचा भारी सोस. त्यांनी फोटोवाल्याकडून त्या जुन्या फोटोतला एकेक चेहरा वेगळा मोठा करून आणला. प्रत्येकाच्या खांद्यावर शेजाऱ्याचा हात तसाच राहिला, नुसता हात. चार जण गावात होते, त्यांना खुर्च्यांवर बसवून फेटा बांधायचा आणि हातात नारळ द्यायचा. दोघे लढाईत कामी आले होते. त्यांचे फोटो टेबलावर ठेवून हार घालायचे. राहिला दादा. त्यासाठी ते स्वतः आमच्या घरी आले, सोप्यात बसले, आणि बराच वेळ पाण्याचं फुलपात्र हातात फिरवत राहिले.

"आबासाहेब, विचारणं जिवावर येतं," ते म्हणाले. "पण कार्यक्रम आखायचा तर मला माहीत असायला हवं. रंगरावांच्या फोटोला हार घालायचा, की तुमच्या हातात नारळ द्यायचा?"

माणसाच्या हयातीत त्याच्या फोटोला कुणी हार घालत नाही, आणि गेलेल्याच्या नावाने कुणी फेटा बांधत नाही. आजवर आमच्या घराने हो की नाही म्हटलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. आई आतून म्हणाली, "हार कशापायी? माझा ल्योक काय मेलाय व्हय, गुर्जी? त्याचा फोटू खुर्चीवं ठिवा. कागदात काय हाय ते इंदीला इचारा." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणाले, "बेपत्ता." हेडमास्तरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि सुटल्यासारखे उठले.

दुसऱ्या दिवशी ड्रिलमास्तरांनी मला मधल्या सुट्टीत त्यांच्या खोलीवर बोलावलं आणि पलटणीचा तो कागद आणायला सांगितला. नाही कसं म्हणणार, पहिला होता तो नेऊन दिला. त्यांना इंग्रजी असं येत नव्हतं, पण पलटणीच्या कागदातले ठराविक शब्द ते ओळखायचे. त्यांनी चष्मा लावला, बोट ओळीवरून सरकवलं, आणि थांबवलं.

"ही वळ घरी वाचली न्हाईस व्हय, पोरी?"

मी रडायला लागले. वहिनीसाठी, असं काहीतरी मी बोलले असेन. ते खाटेवर बसले. मोठा माणूस असा एकाएकी लहान झालेला मी पूर्वी पाहिला नव्हता.

"आजून किती वर्सं कुनी न्हाई म्हनायचं न्हाई आन् व्हय म्हनायचं न्हाई? त्या पोरीनं काय करायचं गं? विशीत हाय ती. तिच्या म्हायेरात पाट लावत्यात. तिला दुसरं घर मिळंल."

"मास्तर, संमेलन होऊ दे," मी म्हणाले. "मग सांगू."

"मीच सांगतो. माझ्याच हातानं त्याची छाती मोजलीया, तवा सांगायचं बी मलाच हाय. सत्कार झाला की दुसऱ्या दिशी तुझ्या घरी येतो." त्यांनी कागद घडी करून परत दिला. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. दुसऱ्या कुणीतरी हे करणार होतं.

संमेलनाच्या दिवशी मैदानात मांडव होता. एका बाजूला पांढऱ्या चादरीचं टेबल, त्यावर दोन फोटो आणि झेंडूचे हार. दुसऱ्या बाजूला खुर्च्या. चार खुर्च्यांवर फेटे बांधून घ्यायला आलेले चार बाप्ये बसले होते, अंगाला न बसणारे कोट घालून, आणि पाचव्या खुर्चीवर दादाचा फोटो टेकवून ठेवला होता. त्याच्या खांद्यावर जो हात होता तो टेबलावरच्या एका फोटोतल्या पोराचा. हे बहुतेक कुणाच्या लक्षात आलं नाही. आबांनी दादाच्या वतीने फेटा बांधून घेतला आणि नारळ घेतला. मग हेडमास्तरांनी जाहीर केलं की घरच्या सुवासिनींनी सत्कारमूर्तींना ओवाळावं. हे आधी कुणी ठरवलेलं नव्हतं, त्यांना तिथे उभ्या उभ्या सुचलं असावं. चौघांच्या बायका ताटं घेऊन उठल्या. आईने वहिनीच्या पाठीला हात लावला, आणि मी तिच्याबरोबर ताट सांभाळत गेले.

वहिनी खुर्चीपुढे उभी राहिली. निरांजन हलत होतं. तिने नवऱ्याला असं सगळ्या गावापुढे कधी पाहिलं नव्हतं, आणि आता फोटो पाहत होती. माझ्याकडे तोंड न वळवता ती हळूच म्हणाली, "वन्सं, फोटूला ओवाळत्यात व्हय? का नमस्कार करून मागं फिरायचं असतंय? तुमी सांगशीला तसं करतंय मी."

तिने विचारलं ते रीतीविषयी नव्हतं, हे मला तेव्हाच समजलं. एवढं तरी मी कबूल करते. टेबलाशी ड्रिलमास्तर उभे होते, फेटा बांधलेले, आणि ते आमच्याकडेच बघत होते. नमस्कार कर, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी म्हणाले, "ववाळ, वहिनी." तिने फोटोला ओवाळलं. कपाळाला बोट लावायला गेली तेव्हा काचेवर कुंकवाचा ठिपका उमटला. मागे बायकांत आई डोळे पुसत होती, सुखाने.

कार्यक्रमाला वहिनीचा थोरला भाऊ आला होता. कुणाकडून तरी त्याच्या कानावर गेलं होतं की ह्या समारंभात काय ते नक्की कळेल. सांगलीहून रेल्वेने आला होता आणि बरोबर एक पत्र्याची ट्रंक आणली होती. मांडव उठायला लागल्यावर त्याने मला लिंबाखाली गाठलं. मोठा गरीब स्वभावाचा माणूस. माझ्याएवढ्या पोरीला आवं-जावं करत होता.

"आवं ताई, तुमी शिकल्याली मानसं. रागावू नगासा. कागदात खरं काय लिवलंय? आमच्याकडं एक जागा आलीया, बिजवर हाय, पर लय चांगला मानूस. भैन म्हनती, मालक हायत तर मी कशी येऊ. तुमी एक शबुद सांगा, मी तिला आजच नेतो."

"तेच लिहिलंय," मी म्हणाले. "बेपत्ता."

"बरं," तो म्हणाला. "मग राहू दे." त्याने आबांना रामराम केला, बहिणीशी दोन शब्द बोलला, आणि ट्रंक उचलून स्टेशनच्या वाटेला लागला. ट्रंक रिकामी होती. ती त्याच्या हातात फार हलकी दिसत होती, तेव्हा मला कळलं की ती त्याने कशासाठी आणली होती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले नाही. ड्रिलमास्तर येणार म्हणून सकाळपासून दाराशी बसून होते. आईने त्यांच्यासाठी जास्तीची भाकरी थापली. ते आले नाहीत. दुपारी शिपाई सांगत आला की मास्तरांची खोली उघडी आहे, आत काही नाही, आणि फेटा, नारळ आणि शिट्टी हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवलेली आहे. शिरवळच्या बाजूला कुठेतरी त्यांचं गाव होतं, तिकडे ते निघून गेले. पंचवीस वर्षं शाळेला खेळाडू देणारा माणूस, त्याला शाळेने मान दिला आणि तो तसा रात्रीतून गेला, असं गावात पुष्कळ दिवस नवल चाललं. लोक त्यांना विक्षिप्त म्हणाले. मी कुणालाच दुरुस्त केलं नाही. मला त्यांचा राग आला होता, कारण माझं काम ते माझ्यावरच टाकून गेले होते. पुढे पत्र लिहावं असं अनेकदा वाटलं, पण काय लिहिणार. ते ज्या गोष्टीपासून पळाले तीच मी रोज घरात बाळगत होते.

मी शिकले, साताऱ्यात मास्तरीण झाले, लग्न केलं, पोरं झाली. वहिनी जाऊ नये म्हणून जिने तिला अडकवलं, ती स्वतः एकविसाव्या वर्षी बोळवणीच्या गाडीत बसून निघून गेली. हे लिहिताना मला माझी लाज वाटते. वहिनी आईजवळ राहिली. बारा वर्षं झाल्यावर गावच्या भटजींनी आबांना सांगितलं की इतकी वर्षं न आलेल्या माणसाचा दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकायची असते. आबांनी मला निरोप पाठवला, तू ये आणि काय ते सांग. मी गेले. वहिनी तेव्हा तिशीला टेकली होती, केस पुढून विरळ झालेले. आता सांगून तिला काय मिळणार, फक्त कपाळ पुसलं जाणार, असा मी सोयीचा विचार केला आणि म्हणाले, आणखी थोडी वाट बघू. आई खूश झाली. वहिनीने त्या दिवशी शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या आणि मला निघताना बांधून दिल्या. आबा गेले, आई गेली, मळा चुलतभावाने कसायला घेतला, आणि त्या घरात वहिनी एकटी राहिली. मी दर दिवाळीला जायचे. सांगायचं ठरवून जायचे आणि फराळ करून परत यायचे.

गेल्या पौषात वहिनी वारली. मी पोचले तेव्हा चुलतभावाच्या सुनांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं होतं, हातात हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, आणि सुरकुतलेल्या कपाळावर मळवट भरत होत्या. माझे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली, त्यामुळे ओटी भरायला मला कुणी बोलावलं नाही. मी भिंतीशी उभी होते. गल्लीतल्या बायका एकेक करून येत, तिचं कुंकू आपल्या कपाळाला लावून घेत आणि तिच्या पाया पडत. त्यांतली एक म्हातारी माझ्याजवळ येऊन टेकली.

"भाग्याची बाई," ती म्हणाली. "धनी जिता असताना गेली. व्हय न्हवं, इंदाक्का?"

मी म्हणाले, "व्हय."